नारबोद, चेटकीण आणि कोहळ्यातली म्हातारी

ऑक्टोबर संपत आला की गोंदिया शहरातल्या काही इंग्रजी माध्यमाच्या नर्सऱ्यांमधून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप फिरतो : 31 तारखेला हॅलोवीनसाठी मुलांना काळे किंवा नारिंगी कपडे घालून पाठवावे. कुठे कागदी वटवाघळं कापून आणायला सांगतात, कुठे चेटकिणीची टोपी. पालक मुकाट्यानं स्टेशनरीच्या दुकानात जातात. याच जिल्ह्यातल्या खेड्यांत त्याच वयाची पोरं दोन महिन्यांपूर्वीच एका भुताला शिवेबाहेर हाकलून मोकळी झालेली असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची ती नारबोद. नागपूरकडे तिला मारबत म्हणतात.

या विषयावर ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशी दोन माणसं माझ्या ओळखीची आहेत. एक निवृत्त गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळांमधली त्यांची बहुतेक नोकरी सालेकसा तालुक्यात गेली. दुसरी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. ती आता शहरातल्या एका नर्सरीत शिकवते, मुलं तिला मॅडम म्हणतात, म्हणून इथेही मॅडमच. दोघांची गाठ पडली की वाद ठरलेला. मी मध्ये बसून ऐकत होतो. जिथे राहवलं नाही तिथे तोंडही घातलं.

गुरुजी : मले एक सांग. चार वर्षांच्या पोट्ट्याले भूत दाखवून काय मिळते तुम्हाले? आधीच ते रात्री अंगणात एकटं जात नाही.

मॅडम : दाखवत नाही गुरुजी, करायला लावतो. पांढरा रुमाल घ्यायचा, मधोमध कापसाचा गोळा ठेवायचा, दोऱ्यानं मान आवळायची आणि स्केचपेननं दोन डोळे काढायचे. झालं भूत. ज्या पोरानं स्वतःच्या हातानं मान आवळली, त्याला ते भूत काय भेववणार? एकानं तर डोळ्यांवर चष्माही काढला. म्हणे, माझ्या भुताला लांबचं दिसत नाही.

गुरुजी : हे मात्र बरं केलं त्यानं.

मॅडम : आणि आम्हाला तुम्ही काय करायला लावत होतात? तनशीची नारबोद! बांबूच्या कमच्या, त्यावर तनस, वरून कुणाच्या तरी आजीचं फाटकं लुगडं. डोक्याला मडकं. मी तेव्हा दुसरीत होते. मला अजून त्या मडक्यावरचे चुन्याचे दात आठवतात.

गुरुजी : त्याले कारण होतं बाई. नारबोद म्हणजे नुसती मजा नाही. पोळ्याच्या दिवशी दारात पळसाचे मेढे लागतात. दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या पहाटे ते उचलायचे, नारबोद उचलायची आणि बोंबलत बोंबलत गाव ओलांडायचं. खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा, ढेकूण-मच्छर सारं घेऊन जा! दिवस कोणते? श्रावण सरलेला, भादवा लागलेला. बांध्या पाण्यानं भरलेल्या, घराघरात कोणीतरी हिवतापानं फणफणलेलं. आपला जिल्हा मलेरियाचा, हे तुले मी नव्यानं सांगावं काय? पोराच्या घरात आजारी माणूस आहे, त्याले त्याची भीती वाटून राहिली, आन् ते पोरगं त्या भीतीचं नाव घेऊन गल्लीत ओरडते. तुमच्या वटवाघळात हे कुठं आहे?

मुद्दा बिनतोड होता. मॅडम क्षणभर थांबली, पण तिनं मोहरा दुसरीकडे वळवला.

मॅडम : बरं, आणि त्याच दिवशी दुपारी काय असतं? तान्हा पोळा. पोरं सजून, लाकडाचे नाहीतर मातीचे नंदी घेऊन दारोदार जातात, बोजारा म्हणजे पोळ्याची भेट मागतात. अमेरिकेतली पोरं 31 ऑक्टोबरला याहून वेगळं काय करतात? सोंग घेतात, दारोदार जातात, गोळ्या-चॉकलेट घेऊन येतात.

इथे मी मॅडमच्या बाजूनं थोडी भर घातली, ती वाचकांसाठीही लिहितो. तान्हा पोळ्याची सुरुवात नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी केली असं विदर्भात सांगतात. मोठ्यांचे खरे बैल, तर लहानांना लाकडी. आज वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) गावात या लाकडी नंद्यांची उंची माणसापेक्षा जास्त असते, आणि गावोगावच्या तान्ह्या पोळ्यात नंदी-सजावटीबरोबर वेशभूषेची स्पर्धाही ठरलेली. कोणी शिवाजी, कोणी झाशीची राणी, कोणी चक्क पालक-पनीर. (असं एक पाहिलं आहे. बक्षीस त्यालाच मिळालं.)

हॅलोवीनचा माग काढला तरी शेवटी आपण कुणाच्या तरी दारातच पोचतो. 1 नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा दिवस, 2 नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा, आणि 31 ऑक्टोबर ही त्यांच्या आधीची सांज. त्याखाली आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांचा सुगी सरून हिवाळा लागतानाचा जुना सण आहे, असं मानतात. मध्ययुगीन इंग्लंडात गोरगरीब आणि पोरं दारोदार जाऊन मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या बदल्यात छोट्या गोड भाकऱ्या मागत. आयर्लंडमध्ये भुतांचे चेहरे सलगमवर कोरत. एकोणिसाव्या शतकात तिथले लोक दुष्काळानं देशोधडीला लागून अमेरिकेत गेले, तिथे भोपळा मोठा, कोरायला सोपा आणि मुबलक. सलगम मागे पडलं. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर रेशन आलं तेव्हा गोळ्या मागण्याचा हा प्रकार थंडावला, आणि 1950 पासून काही मुलं गोळ्यांसोबत युनिसेफसाठी सुटे पैसेही गोळा करू लागली. थोडक्यात, हा सण मुळात भुताचा कमी आणि भिक्षेचा जास्त.

गुरुजी : मग तेच म्हणतो मी. घरात बोजारा असताना शेजाऱ्याच्या भाकरीवर नजर कशाले?

मॅडम : नजर नाही, दोन्ही खातो. तान्हा पोळा आमच्या नर्सरीत होतोच. धोतर नेसलेली पोरं, नऊवारीतल्या पोरी, बोजाऱ्याला चॉकलेट. नारबोद मात्र होत नाही.

गुरुजी : काहून?

मॅडम : एकदा मी सुचवलं होतं. पालकांचे फोन आले. म्हणाले, मॅडम, ही अंधश्रद्धा मुलांच्या डोक्यात कशाला भरता? त्याच पालकांनी ऑक्टोबरमध्ये चेटकिणीच्या टोप्या विकत आणल्या.

गुरुजी : म्हणजे इंग्रजी भूत पास, आन् आपल्या झाडीपट्टीतलं भूत नापास.

दोघंही हसले. पण टोपीचा विषय निघाला आणि गुरुजी गंभीर झाले.

गुरुजी : ती टोपी मले सगळ्यात खटकते. टोकदार टोपी, झाडू, वाकडं नाक, म्हातारी बाई. तू भिंतीवर लावतेस आन् पोरं टाळ्या पिटतात. मी ज्या भागात नोकरी केली तिथं एका विधवा म्हातारीच्या दारापुढून पोरं पळत जायची. गावात कोणाचं लेकरू आजारी पडलं की पुजाऱ्यापर्यंत जायच्या आधी लोक तिच्याकडे पाहत. करणी करते म्हणत. माझ्या वर्गातली पोरं तिच्या हातचं पाणी प्यायला तयार नव्हती. मी रोज मधल्या सुट्टीत तिच्याकडे जाऊन पाणी पीत होतो, पोरांना दिसावं म्हणून. हे पूर्व विदर्भात कोणाले माहीत नाही? त्यासाठी त कायदा करावा लागला.

तो जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा. त्यासाठी झगडणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. एखाद्या व्यक्तीवर करणी किंवा जादूटोण्याचा आळ घेऊन तिचं जगणं मुश्किल करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. नर्सरीच्या भिंतीवरच्या पुठ्ठ्याच्या टोपीला कलम लागत नाही हे उघड आहे. पण ज्या मुलीची आजी उद्या एखाद्या खेड्यात एकटी राहणार आहे, तिच्या डोक्यात 'म्हातारी आणि झाडू म्हणजे चेटकीण' हे चित्र आपण ठेवतो आहोत, हे गुरुजींचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही.

मॅडम : मग रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'चं काय करायचं? त्यातल्या चिंची चेटकिणीला मराठी पोरं इतकी वर्षं खदखदून हसताहेत. आधी दिलीप प्रभावळकरांनी केली, मग वैभव मांगल्यांनी.

गुरुजी : दोघंही बाप्ये. लक्षात आलं ना? पोरांना कळते, हा बाबा बाई झाला आहे. दंडारीत पण तसंच. मंडईच्या जत्रेत रात्री पुरुष लुगडं नेसून नाचतो, पोट्टे त्याच्या मागं धावतात. कोणी त्याले भेत नाही. सोंग सोंग दिसलं पाहिजे.

मॅडम : बरोबर. पण एक विचारू? रागवायचं नाही.

गुरुजी : विचार ना.

मॅडम : नारबोदेला लुगडं कोण नेसवतं? ती पण बाईच आहे. वर्षभराचा रोग, घाण, पाप, सगळं एका बाईच्या अंगावर घालायचं, तिला शिवीगाळ करत फरफटत नेऊन शिवेबाहेर जाळायचं. आणि हे दुसरीतल्या पोरांकडून करून घ्यायचं. माझ्या वटवाघळात ही भानगड नाही गुरुजी.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग गुरुजींनी बाजू सांभाळायचा प्रयत्न केला. नारबोद म्हणजे पूतना, कृष्णाला विष पाजायला आलेली, असं लोक समजतात, हे त्यांनी सांगितलं. नागपूरच्या मिरवणुकीचा दाखला दिला : काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून, काळीचा संबंध इंग्रजांशी हातमिळवणी केलेल्या बाकाबाई भोसलेंशी जोडतात, आणि पिवळी तर लोकांना राखणारी मानतात, बायका तिची ओटी भरतात. शिवाय बडग्यांचे पुतळे असतात, ते पुरुषच की! महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, ज्या वर्षी ज्यानं लोकांना छळलं त्याचा बडग्या.

मॅडम : पूतनाही बाईच आणि बाकाबाईही बाईच. बडग्याचं ऐकून मात्र बरं वाटलं. आपण बडग्याच का करत नाही?

माझं मत विचाराल तर या ठिकाणी मॅडमचं पारडं जड झालं. नारबोदेत एक शहाणपण आहे जे हॅलोवीनमध्ये नाही : भीतीचं नेमकं नाव घ्यायचं, तिला आकार द्यायचा आणि टाकून यायचं. हॅलोवीनमध्ये एक गंमत आहे जी नारबोदेत नाही : मुलाला स्वतःलाच भूत होता येतं. जो दिवसभर सगळ्यांत लहान असतो, ज्याला कोणीही उचलून कुठेही ठेवतं, त्याच्या 'भो:'ला घाबरून एक दिवस मोठी माणसं मागे सरतात. पण टोपी असो की लुगडं, भीतीला एखाद्या ओळखीच्या माणसाचं, त्यातही एकट्या बाईचं तोंड द्यायचं, ही दोन्हीकडची खोड सारखीच आहे. आणि ती आपण नर्सरीत शिकवायची गरज नाही.

गुरुजींना अजून एक गोष्ट बोलायची होती.

गुरुजी : सांगाड्याचं काय? सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला लाखो गोंड लोक तिथं पूर्वजांना भेटायले येतात. त्यांच्यात मेलेला माणूस पेन होतो, देवांत जातो. त्या घरातल्या लेकराले तू प्लास्टिकचा हाडांचा सापळा देऊन हसायले लावशील?

मॅडम : नाही. सापळे मी बंद करते. कबूल. पण ज्यांचा तो सण, तेही सगळे हसतातच असं नाही गुरुजी. आपल्या गोव्यातच 2 नोव्हेंबरला लोक कबरींवर मेणबत्त्या लावतात.

इथून पुढे बोलण्यातली धार गेली आणि कामाच्या गोष्टी निघाल्या. त्यातल्या काही सांगण्यासारख्या आहेत. मॅडमचं पहिलं पथ्य : मुखवटा चेहऱ्यावर बांधायचा नाही. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला मुखवट्यामागचा बाप ओळखू येतोच असं नाही; तो रडतो तो लाडानं नाही. म्हणून ती कागदी थाळीचा मुखवटा आइस्क्रीमच्या काडीला चिकटवते. मूल तो वर धरतं, खाली करतं, पुन्हा वर धरतं. भूत कधी व्हायचं आणि कधी थांबायचं हे त्याच्या हातात राहतं. वर्गातली सगळ्यांत भित्री मुलगी तो मुखवटा अर्धा तास तोंडाखाली धरून बसली होती, आणि सुट्टीची घंटा झाल्यावर दारातल्या मावशींना एकदाच 'भो' करून पळाली.

दुसरी अडचण भोपळ्याची. आपल्याकडचं कोहळं चित्रातल्यासारखं नारिंगी नसतं. बाहेरून हिरवट-तपकिरी, शिरा उठलेलं. नारिंगीपणा सगळा पोटात. मॅडमनं नारिंगी कागद वाटले तेव्हा शेतकऱ्याच्या घरचा एक मुलगा म्हणाला, मॅडम, हे कोहळं नाही, हा संत्रा आहे. शिवाय कोरायला जावं तर साल टणक, सुरी मुलांच्या हातात देता येत नाही, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात कोरलेलं कोहळं दुसऱ्या दिवशी मान टाकतं. वर घरी सासूबाईंचा नियम : कोहळ्याला पहिली सुरी बाईनं लावायची नाही, घरातल्या पुरुषानं लावायची. नवरा ड्युटीवर असला की कोहळं तसंच. शेवटी तिनं किराणा दुकानातली खाकी पिशवी घेतली, आत वर्तमानपत्राचे बोळे भरले, तोंडाला सुतळी बांधली, वर पळसाचं पान. मुलांनी हिरव्या रंगानं रंगवलं. ते मात्र हुबेहूब कोहळं दिसलं.

गुरुजी : कोहळं केलं, पण गोष्ट कोणती सांगितली?

मॅडम : इंग्रजीत 'रूम ऑन द ब्रूम' वाचते. जुलिया डोनाल्डसनचं आहे. त्यातली चेटकीण भली आहे गुरुजी, कुत्रा, पाखरू, बेडूक, जो मागेल त्याला झाडूवर जागा देते. आणि तिच्यावर संकट आलं की तेच तिला वाचवतात.

गुरुजी : भली आहे त चांगलंच आहे. पण कोहळ्याची गोष्ट त आपल्याजवळ आहे ना! म्हातारी लेकीकडे निघते, रानात वाघ भेटतो, आन् परत येताना ती भोपळ्यात बसून येते. सांगितली की नाही?

मॅडम गप्प झाली, मग कपाळावर हात मारून घेतला. मलाही ते सुचलं नव्हतं. मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली गोष्ट, आणि त्यात सगळंच आहे : भोपळा, रान, अंधार, खायला टपलेले प्राणी. फक्त म्हातारीची जागा वेगळी. ती भेववणारी नाही. तिला वाघ खाणार असतो आणि ती डोकं चालवून सुटते. ज्या जिल्ह्यात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे, ज्याच्या काठच्या गावांत सरपणाला गेलेल्या बाईची घरचे वाट बघत बसतात, तिथे ही गोष्ट नुसती करमणुकीची राहत नाही. गुरुजींनी सांगायला सुरुवात केली की त्यांचा वाघ हमखास नागझिऱ्याचा असतो आणि लेकीचं गाव गोरेगाव.

मॅडम : मग पिशवीच्या कोहळ्याला दार कापू या. आत कागदाची म्हातारी, बाहेर काडीवरचा वाघ.

गुरुजी : आन् म्हातारीच्या हाती झाडू दे हवं त. वाघाच्या नाकावर मारायले.

राहता राहिली गाणी. मॅडमकडे इंग्रजी बडबडगीतं होती, गुरुजींनी झडत्यांची आठवण काढली. पोळ्याच्या तोरणाखाली शेतकरी ज्या चढाओढीनं झडत्या म्हणतात, कोणाची फिरकी घेतात, कोणाला टोमणा मारतात, ती चाल मुलांच्या जिभेवर लगेच बसते. मॅडमनं तिथल्या तिथे एक जुळवून दाखवली :

डासोबा डासोबा, राहता कुठं?
टायराच्या पोटात पाणी जिथं!
टायर पालथं, पाणी सांडलं,
डासोबाचं बिऱ्हाड शिवेबाहेर मांडलं!

गुरुजी : चौथी ओळ लांबली. पण चालते, झडतीची ओळ लांबतेच. शेवटी हर हर महादेव मात्र पाहिजे.

मॅडम : आमच्याकडे सगळ्या धर्मांची पोरं आहेत. शेवटी नुसतं 'हुर्रे' चालेल?

गुरुजी : (नाराजीनं) चालवून घे. आन् नारबोद?

मॅडम : पुढच्या पाडव्याच्या आदल्या आठवड्यात करू. पण बाई नाही. डास. कमच्यांचे पाय, प्लास्टिकच्या बाटलीचं पोट, लांब सोंड. पालकांनी फोन केला तर सांगेन, मलेरियाचा प्रोजेक्ट आहे.

गुरुजी : लुगडं नाही, मडकं नाही, त्याले नारबोद कोण म्हणन? आन् बाटली जाळशील त धूर कोणाच्या नाकात जाईल?

मॅडम : जाळायची नाहीच. शिवेवर नेऊन मोडायची. बाटली भंगारवाल्याला.

गुरुजी : जाळल्याशिवाय नारबोद जात नाही बाई.

मॅडम : जाते. टायर पालथं केलं की जाते.

यावर दोघांचं जमलं नाही, आणि मी त्यांना जमवायला गेलो नाही. ऑक्टोबरच्या कार्यक्रमाची तारीखही नक्की झाली नाही, कारण दिवाळी कधी येते त्यावर सगळं अवलंबून. 2024 मध्ये तर नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी, 31 ऑक्टोबरला, आले होते, आणि नर्सरीला सुट्टी होती. गोष्ट सांगायला मात्र गुरुजी यायला तयार झाले. त्यांची एकच अट होती : वर्गात एक खरं कोहळंही ठेवायचं, मुलांनी त्याची साल चाचपून पाहायची, आणि कार्यक्रम संपला की त्याची बोंडं तळायची. कापायला ते स्वतः येणार होते. मॅडम म्हणाली, कापीन मीच.